पाद्र्याचा चमत्कार, शेतकऱ्याची वाट

स्पेनच्या वायव्य टोकाला, कास्तील-लिओन संपून गॅलिसिया सुरू होतो तिथे, साधारण तेराशे मीटर उंचीवर ओ सेब्रेइरो नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीने. एक देऊळ, एक जुना मठ जो आता पथिकाश्रम आहे, दगडी भिंतींची काही घरं, गवताने शाकारलेल्या चार-पाच लंबगोल झोपड्या आणि मधून जाणारा फरसबंदी रस्ता. चालत यायचं तर लास एर्रेरियास या खालच्या वस्तीपासून आठेक किलोमीटरचा चढ आहे आणि तेवढ्यात सहाशेच्या आसपास मीटर वर यावं लागतं. वाटेतल्या ला फाबा गावापर्यंत चेस्टनटच्या झाडांची सावली असते. तिथून पुढे डोंगर उघडा पडतो आणि वारा थेट अंगावर येतो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी खाली घोडे भाड्याने मिळतात.

ही वाट सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाते. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची कबर तिथल्या कॅथेड्रलखाली आहे अशी श्रद्धा आहे आणि नवव्या शतकापासून युरोपातले लोक पायी तिथे जात आले आहेत. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारा साडेसातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग त्यांत सर्वांत वापरातला. त्या मार्गावर गॅलिसियातलं पहिलं गाव म्हणजे ओ सेब्रेइरो. इथून सांतियागो अजून दीडशेहून अधिक किलोमीटर लांब आहे.

बहुतेक जण इथे पोचतात ते दमून. पाठीवरची पिशवी उतरवतात, काही खातात, मग देवळात डोकावतात. सांता मारिया ला रेआल या देवळाचा मूळ भाग नवव्या शतकातला मानतात. जाड, ओबडधोबड दगडी भिंती, बसका मनोरा, आत थंडावा. उजवीकडच्या छोट्या प्रार्थनास्थळात काचेआड एक चषक आणि एक तबकडी ठेवली आहे. चषक बाराव्या शतकातला, रोमानेस्क घडणीचा. शेजारी स्फटिकाच्या दोन कुप्या आहेत. त्याच खोलीत दोन जुन्या दगडी कबरी आहेत. एक पाद्र्याची आणि एक शेतकऱ्याची, असं गावात सांगतात.

त्या दोघांची गोष्ट साधारण 1300 सालची. हिवाळ्याचे दिवस, बर्फाचं वादळ. अशा हवेत देवळात कुणी फिरकणार नाही हे पाद्र्याला ठाऊक होतं, तरी नेमाप्रमाणे तो मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, सुरू करतो. तेवढ्यात खालच्या बार्शामायोर वस्तीतला हुआन सांतीन नावाचा शेतकरी बर्फ तुडवत, धापा टाकत दारात उभा राहतो. पाद्र्याच्या मनात कीव येत नाही, हसू येतं. थोडीशी भाकर आणि घोटभर द्राक्षारस, एवढ्यासाठी हा बाबा जीव धोक्यात घालून वर आला! त्याच क्षणी पाद्र्याच्या हातातल्या भाकरीचं मांस होतं आणि चषकातल्या द्राक्षारसाचं रक्त. देवळातल्या मरियेच्या मूर्तीनेही नीट दिसावं म्हणून मान कलती केली, अशी आणखी एक पुस्ती लोक जोडतात.

गोष्ट इथे संपते आणि ऐकणारे माना डोलावतात. पण हिशोब मांडून पाहिला तर ती फार विचित्र आहे. बर्फातून आला शेतकरी, आणि चमत्कार घडला पाद्र्यासाठी. सांतीनला भाकरीत ख्रिस्त दिसतच होता, म्हणून तर तो चढून आला. त्याला मिळालं ते त्याच्यापाशी आधीपासून होतं. ज्याने काहीच केलं नव्हतं, उबेत उभं राहून मनातल्या मनात दुसऱ्याची टिंगल केली होती, त्याला आकाशातून पुरावा मिळाला. देवाच्या दरबारात न्याय असेल तर हे उलटं व्हायला हवं होतं.

ज्या काळात ही गोष्ट बसते तो काळही लक्षात घ्यायला हवा. मिस्सात भाकर आणि द्राक्षारस यांचं खरोखर ख्रिस्ताच्या देहात आणि रक्तात रूपांतर होतं, बाह्य रूप मात्र तसंच राहतं, ही शिकवण कॅथलिक चर्चने 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेत अधिकृत शब्दांत मांडली. शिकवण मांडली गेली की शंकाही तोंड वर काढतात. 1263 मध्ये इटलीतल्या बोल्सेना इथे अशाच एका शंकेखोर पाद्र्याच्या हातातल्या भाकरीतून रक्त ठिबकलं अशी कथा पसरली. पुढच्याच वर्षी पोप चौथा अर्बन याने ख्रिस्तदेहाचा सण साऱ्या चर्चसाठी जाहीर केला. तेराव्या शतकात अशा कथांचं पीक आलं होतं आणि त्यांतला संशयात्मा बहुतेक वेळा सामान्य माणूस नसे, वेदीपाशी उभा असलेला पाद्रीच असे. रोज तीच कृती, तेच शब्द, तेच हातवारे करणाऱ्याच्या मनात शंका लवकर शिरते, हे त्या काळाने बरोबर ओळखलं होतं.

चर्चच्या शिकवणीत मात्र या पाद्र्याच्या अविश्वासाने काहीच बिघडत नव्हतं. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातपंथीय म्हणत की पापी धर्मगुरूने केलेला विधी फुकट जातो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्यांना उत्तर दिलं की विधी देणारा ख्रिस्त आहे, धर्मगुरू केवळ त्याचा हात आहे, आणि हात मळका असला तरी दान मळत नाही. चर्चने हीच बाजू धरली. म्हणजे त्या वादळी सकाळी पाद्री मनातून पुरता नास्तिक असता तरी सांतीनच्या पदरात मिस्सा पूर्णच पडली असती. चमत्कार झाला नसता तर शेतकऱ्याचं काहीही अडलं नसतं. त्याला घरी परतायचं होतं, तेही त्याच बर्फातून.

मग चमत्काराने सिद्ध झालं तरी काय? हा प्रश्न विचारणारा नास्तिक असायला लागत नाही. तेराव्या शतकातला सर्वांत मोठा कॅथलिक तत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस याने तो आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात स्वतःच उपस्थित केला आहे. भाकरीच्या जागी मांस दिसलं तर ते खरोखर ख्रिस्ताचं मांस म्हणायचं का? त्याचं उत्तर सावध आहे. कधी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत बदल होत असेल, कधी बाहेरचं रूप खरोखर बदलत असेल. पण दोन्ही वेळा जे दिसतं ते ख्रिस्ताचं स्वतःचं रूप नव्हे. ख्रिस्त तिथे असतो तो भाकर दिसत असताना जसा असतो तसाच. थोडक्यात, या तत्त्ववेत्त्याच्या हिशोबाने रक्तमांस दिसण्याने माहितीत कणभर भर पडत नाही. त्याच्या दृष्टीने श्रद्धा ही न दिसणाऱ्या गोष्टींविषयीच असते. दिसलं की ते ज्ञान झालं, श्रद्धेचं काम तिथे उरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात थोमा नावाचा शिष्य ख्रिस्ताच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणून अडून बसतो. अक्वायनसने त्याच्याविषयी जुन्या परंपरेतला एक मुद्दा उचलून धरला आहे: थोमाला दिसला तो माणूस, आणि त्याने मानला तो देव. जखमा पाहूनही शेवटची उडी त्याला स्वतःच मारावी लागली.

सेब्रेइरोच्या पाद्र्याला ही उडी मारता आली की नाही, हे कथेत कुठेच येत नाही. तो पश्चात्ताप करून संत झाला, असं कुणी सांगत नाही. तो सांतीनच्या शेजारी पुरला गेला, एवढंच.

राजेरजवाड्यांना असल्या शंका पडत नाहीत. 1486 मध्ये इसाबेल आणि फेर्नांदो हे स्पेनचे राजा-राणी सांतियागोला जाताना या घाटातून गेले. चमत्कारातले अवशेष ठेवण्यासाठी त्यांनी त्या स्फटिकाच्या कुप्या दिल्या. पुढच्याच वर्षी पोप आठवा इनोसंट याच्या फर्मानात या चमत्काराचा उल्लेख आला, 1496 मध्ये सहाव्या अलेक्झांडरच्या फर्मानात पुन्हा. राणीला तो चषक आपल्याबरोबर न्यायचा होता, पण तो लादलेली जनावरं पेरेखे गावापाशी अडून बसली आणि उलटी फिरून डोंगर चढू लागली, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेदिक्त पंथाचा इतिहासकार आन्तोनियो दे येपेस याने सारी कथा ग्रंथात नोंदवली. म्हणजे घटना 1300 ची, राजाश्रय पंधराव्या शतकाच्या शेवटी, सविस्तर वर्णन त्याहून शंभरेक वर्षांनी. पुरावा म्हणून पाहिलं तर साखळीत मोठमोठ्या फटी आहेत. गॅलिसियाच्या राजचिन्हावर चषक आहे तो सेब्रेइरोचाच, असंही लोक अभिमानाने सांगतात. पण इंग्लंडमधल्या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका राजचिन्हांच्या पटात गॅलिसियाच्या राजासाठी चषकाचं चिन्ह आधीच काढलेलं आहे.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, खुद्द सांतियागोत, पुराव्याची गोष्ट आणखी मजेदार आहे. 1589 मध्ये फ्रान्सिस ड्रेकच्या इंग्लिश आरमाराने जवळच्या ला कोरुन्यावर हल्ला चढवला. ते सैनिक संत याकोबाच्या अस्थी लुटून नेतील या भीतीने आर्चबिशप हुआन दे सानक्लेमेंते याने त्या कॅथेड्रलमध्येच लपवल्या. इतक्या व्यवस्थित लपवल्या की नेमक्या कुठे, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या पुन्हा सापडल्या 1879 मध्ये, वेदीमागे खोदकाम केल्यावर. आणि 1884 मध्ये पोप तेरावा लिओ याने त्या खऱ्या असल्याचं जाहीर केलं. मधली जवळपास तीनशे वर्षं लोक ज्या अस्थींच्या ओढीने येत होते त्या नेमक्या कुठे आहेत हे पुजाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. यात्रा रोडावली हे खरं, पण त्याची कारणं युद्धं, साथी आणि धर्मसुधारणेची लाट ही होती. धर्मसुधारक मार्टिन लूथरने तर अस्थी लपवण्याआधीच खिल्ली उडवली होती की तिथे याकोब पुरलाय की एखादं मेलेलं कुत्रं, कुणाला ठाऊक! लूथरला वाटलं, पुराव्यावर बोट ठेवलं की वाट बंद पडेल. ती मंदावली, बंद पडली नाही.

ओ सेब्रेइरोत मात्र या सगळ्या शतकांत एक काम चमत्काराची वाट न पाहता चालू होतं. 1072 मध्ये राजा सहावा अल्फोन्सो याने इथला पथिकाश्रम फ्रान्समधल्या ओरियाकच्या संन्याशांकडे सोपवला. बाराव्या शतकातल्या ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखितात सांतियागोच्या वाटेची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात या डोंगरमाथ्यावरच्या आश्रमाचा उल्लेख आहे. आलेल्याला छप्पर, विस्तव, खाणं, आजाऱ्याला खाट आणि मेलेल्याला माती, हे काम एकोणिसाव्या शतकात मठांच्या मालमत्ता सरकारने ताब्यात घेईपर्यंत चाललं. इथल्या बर्फात या कामाची किंमत काय असते ते 1809 च्या जानेवारीत इंग्रज सेनापती जॉन मूरच्या फौजेला कळलं. नेपोलियनच्या सैन्यापुढे माघार घेत ती याच डोंगररांगेतून, शेजारच्या पेद्राफीता खिंडीतून गेली. वाटेत शेकडो सैनिक थंडीने आणि थकव्याने कोसळले.

त्या मार्गदर्शिकेत पुढच्या मुक्कामाविषयी एक बारीक नोंद आहे. डोंगर उतरून त्रियाकास्तेला गाव येतं. तिथे चुनखडीचे दगड मिळत. प्रत्येक यात्रेकरू त्यातला एक दगड उचलून कास्तान्येदापर्यंत वाहून नेत असे. तिथे भट्टीत त्याचा चुना होई आणि तो सांतियागोतल्या बांधकामाला लागे. ज्या कॅथेड्रलचं दर्शन घ्यायला माणूस निघालाय, त्याच्या भिंतीतला थोडा चुना त्याच्याच हातून गेलेला. यात्रेकरूला दगड का उचलतोस विचारलं असतं तर कुणी पुण्यासाठी म्हटलं असतं, कुणी सगळे उचलतात म्हणून. चुना दोघांच्या दगडाचा सारखाच होई.

गावातल्या गवती झोपड्यांना पायोसा म्हणतात. त्यांतली एक आता वस्तुसंग्रहालय आहे. आत शिरायला वाकावं लागतं. कोपरे नाहीत, त्यामुळे वारा भिंतीला धडकून न थांबता वळून जातो. छत राय या धान्याच्या पेंढ्याचं, उतरतं, जवळपास जमिनीपर्यंत टेकलेलं, म्हणजे बर्फ साचत नाही. धुराडं नाही. मधल्या चुलीचा धूर पेंढ्यातूनच झिरपत बाहेर पडे. त्याने वर टांगलेलं मांस टिके, चेस्टनट वाळत आणि छपराला कीड लागत नसे. एका बाजूला माणसं, उताराच्या बाजूला गुरं, मध्ये लाकडी आडोसा. गुरांच्या अंगाची ऊब हीच रात्रीची शेगडी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लोक अशा घरांत राहत होते. सांतीन कुठल्या तरी अशाच घरातून उठून आला असणार.

1959 मध्ये या गावाला नवा पाद्री मिळाला. एलियास वालिन्या साम्पेद्रो, वय तीस. देऊळ पडायला आलं होतं, मठ ओसाड होता, पायोसा कोसळत होत्या आणि सांतियागोच्या वाटेवर चालणारं कुणी उरलं नव्हतं. सत्तरच्या दशकात काही वर्षी सांतियागोच्या कॅथेड्रलने यात्रा पूर्ण करणाऱ्यांना वर्षभरात शंभर प्रमाणपत्रंही दिली नव्हती. वालिन्याने डोंगरावर राहूनच या वाटेच्या इतिहासावर आणि कायद्यावर सालामांकाच्या विद्यापीठासाठी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. देवळाची डागडुजी करवली, मठाचा आश्रम पुन्हा उभा केला, पायोसा वाचवल्या. मग वाट शोधायला बाहेर पडला. जुने नकाशे, गावकऱ्यांच्या आठवणी, नांगराखाली गेलेल्या पायवाटा, असं सगळं जुळवत त्याने मार्ग पक्का केला आणि 1984 मध्ये आपल्या गाडीत रंगाचे डबे टाकून निघाला.

रंग पिवळा. रस्त्यावरच्या खुणांच्या कामातून उरलेला, असं सांगतात. झाडं, कुंपणाचे दगड, गोठ्यांच्या भिंती, विजेचे खांब, जिथे वाट फुटते तिथे तो एक बाण काढी आणि पुढे जाई. पिरेनीज डोंगरात, फ्रान्सच्या सीमेजवळ, पोलिसांनी त्याला हटकलं. हातात ब्रश, सीमाभाग, काळ स्पेनमधल्या दहशतवादाचा. काय चाललंय, असं विचारल्यावर तो म्हणाला की मोठ्या आक्रमणाची तयारी करतोय. हा किस्सा या वाटेवर आजही चवीने सांगतात.

आक्रमण झालंच. 1987 मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. वालिन्या 1989 च्या डिसेंबरात गेला. 1993 हे सांतियागोचं पवित्र वर्ष. त्याच वर्षी युनेस्कोने स्पेनमधला हा मार्ग जागतिक वारशात घेतला आणि प्रमाणपत्रांचा आकडा लाखाच्या जवळ गेला. 2019 मध्ये तो साडेतीन लाखांच्या घरात होता, 2024 मध्ये पाच लाखांना टेकला. आज जगभरात कुठेही या वाटेचा फाटा निघाला की खूण तीच असते, पिवळा बाण.

वालिन्या त्याच देवळाचा पाद्री होता जिथे सात शतकांपूर्वीच्या पाद्र्याने मनात टिंगल केली होती. त्याच्या ताब्यात काचेआडचा चषक होता. गाव जगवायचं तर चमत्काराचा डंका पिटणं सोपं होतं. युरोपात अशी देवस्थानं कमी नाहीत. इथेही 8 आणि 9 सप्टेंबरला चमत्काराचा उत्सव होतो, आसपासच्या डोंगरांतून माणसं येतात. पण वालिन्याने उरलेलं आयुष्य लावलं ते बाण काढण्यात. बाणाला काहीच सिद्ध करायचं नसतं. शेवटी कबर आहे की नाही, कबरीत याकोब आहे की नाही, यावर तो बोलत नाही. इकडे वळा, एवढंच सांगतो. आणि वळलं की पुढचा बाण दिसेपर्यंत चालणाऱ्याला थोडं अंतर त्याच्या भरवशावर काढावं लागतं.

या बाणांमागून जे आले त्यांत एक माणूस असा आहे ज्याला जुन्या कथेत जागा नाही. कथेत दोनच पात्रं: श्रद्धा असलेला आणि कष्ट करणारा शेतकरी, श्रद्धा नसलेला आणि विधी करणारा पाद्री. आज ला फाबाच्या चढावर धापा टाकणाऱ्यांत तिसरा आहे. त्याने कष्ट सांतीनसारखे घेतलेत आणि मन पाद्र्यासारखं आहे. घटस्फोट झालाय, नोकरी गेलीय, आई वारलीय, किंवा निवृत्तीनंतर दिवस मोकळे पडलेत म्हणून तो निघालाय. देवळात तो शिरतो तेव्हा काचेतल्या चषकाकडे वस्तू म्हणून पाहतो, वर्षाचा आकडा वाचतो, बाहेर येतो. संध्याकाळच्या मिस्सेला मात्र बसतो, का ते त्यालाही नीट सांगता येत नाही.

कट्टर श्रद्धाळू त्याला पर्यटक म्हणतात. कट्टर बुद्धिवादी म्हणतात, प्रमाणपत्राच्या एका लॅटिन कागदासाठी एवढी पायपीट! गंमत अशी की हे वाक्य जवळपास त्या जुन्या पाद्र्याचंच आहे. थोडीशी भाकर आणि घोटभर द्राक्षारस यांच्या जागी कागद आला, एवढाच फरक. पाद्र्याची चूक भाकरीच्या रूपांतराविषयी शंका घेण्यात होती, असं कथा सांगणारे धरून चालतात. पण शंका तर तो रोजच घेत असणार, आणि रोज काही रक्त सांडत नव्हतं. ते सांडलं तो दिवस शंकेच्या जोडीला टिंगल आली तो होता, दुसऱ्याच्या कष्टाची टिंगल.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती आणि विचारवंत ब्लेझ पास्कल याने या तिसऱ्या माणसासाठी एक सल्ला लिहून ठेवला आहे. श्रद्धा ठेवायची इच्छा आहे पण बुद्धी आड येते, असं म्हणणाऱ्याला तो आणखी युक्तिवाद ऐकवत बसत नाही. तो सांगतो, श्रद्धाळू जसं वागतात तसं वागायला लाग. तीर्थ घे, मिस्सा म्हणवून घे. आधी शरीर वळू दे, मन मागून येईल. पास्कलच्या टीकाकारांना यात आत्मवंचना दिसते, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. सवयीने आलेली श्रद्धा आणि सवयीने आलेली तंबाखू यांत फरक कसा करायचा? शिवाय पास्कलने रोजच्या सवयीचा दुसरा परिणाम धरला नव्हता. सेब्रेइरोचा पाद्री वर्षानुवर्षं मिस्सा म्हणत होता. त्याचं शरीर केव्हाच वळलेलं होतं. मन मागून आलं नाहीच, उलट निसटून गेलं.

ओ सेब्रेइरोच्या देवळातही एक प्रतिवाद मांडलेला आहे. खालच्या ला फाबा गावाच्या नावाने ओळखली जाणारी, एका फ्रान्सिस्कन संन्याशाची म्हणून सांगितली जाणारी प्रार्थना इथे वाचायला मिळते. तिचा आशय असा की पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळ्या वाटा तुडवल्या, पण स्वतःपर्यंत पोचता आलं नाही, माणसांशी नीट वागता आलं नाही, तर कुठेच पोचणं झालं नाही. म्हणजे खुद्द यात्रेकरूंच्या देवळातच किलोमीटरचा हिशोब खोडून काढला आहे.

तरी हिशोब ठेवला जातो. प्रमाणपत्र हवं तर किमान शंभर किलोमीटर पायी किंवा दोनशे सायकलने यावं लागतं, वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के गोळा करावे लागतात. त्यामुळे सर्वाधिक लोक चालायला लागतात ते सारियाहून. ते गाव सांतियागोपासून शंभराहून थोडं जास्त लांब, आणि सेब्रेइरोचा घाट तोवर मागे पडलेला. मध्ययुगातल्या चर्चचा हिशोब निराळा होता. घाटाच्या अलीकडे विलाफ्रांका देल बिएर्सो या गावात सांतियागोचंच एक छोटं देऊळ आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचं दार म्हणतात. आजारी, जखमी, पुढे एक पाऊलही टाकू न शकणाऱ्या यात्रेकरूने त्या दारापर्यंत यावं. त्याला सांतियागोला पोचल्याचं पूर्ण पुण्य मिळे. समोर सेब्रेइरोचा डोंगर दिसत असताना, तो न चढता.

सांतीनला यांपैकी काहीच लागू पडत नाही. तो आजारी नव्हता आणि त्याला सांतियागोला जायचंही नव्हतं. तो शेजारच्या वस्तीतून रोजच्यासारखा मिस्सेला आला होता, शंभर किलोमीटरच्या आसपासही तो पोचला नसता. सांतियागोतल्या यात्री कार्यालयात आज पोचलेल्या प्रत्येकाकडून तपशिलांचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात यात्रेचं कारण विचारलेलं असतं आणि पर्याय साधारण तीन असतात: धार्मिक, धार्मिक आणि इतर, किंवा धर्माशी संबंध नसलेलं. तिसरा पर्याय निवडणाऱ्यालाही स्वागताचा वेगळा दाखला मिळतो. पहिल्या दोन रकान्यांत आज खरोखर कोण कोण बसतं, हे फॉर्म तपासणाऱ्यालाही कळण्याची सोय नाही. हुआन सांतीनने ‘धार्मिक’वर खूण केली असती. वेदीपाशी उभ्या असलेल्या त्या पाद्र्यानेही, जरासुद्धा न अडखळता, त्याच रकान्यात केली असती.